उरेब कापडाचं विमान

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आक्काचे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. निपाणीत घराच्या पुढच्या खोलीत ती ब्लाउज शिवते. आई विड्या वळायची. आम्हा दोघा भावंडांपैकी एकालाच दहावीच्या पुढं शिकवणं जमणार होतं. आक्का म्हणाली, "त्याला शिकू दे, मला मशीन बरी." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो असा.

इंजिनिअरिंगनंतर बेळगावात एका लहान ऑफिसात नोकरी लागली. काम पेटंट शोधायचं. कुणी नवं काही बनवलं, की ती कल्पना आधी कुणाची होती का, हे आम्ही जुने कागद चाळून सांगतो. पहिले सहा महिने पारखण्याचे. शेवटच्या महिन्यात आमच्या वरिष्ठ मॅडमनी मला एकट्याला एक काम दिलं. कापडी पंखांचं एक हलकं ड्रोन होतं. पंखाची चौकट तिरकी होऊ नये म्हणून आतून तिरप्या तारा ताणतात. इथं तारांचं काम कापडच करत होतं. असं आधी कुणी केलंय का? हे नीट झालं तर नोकरी कायम, नाहीतर नाही, असं मॅडमनी सरळ सांगितलं.

तीन आठवडे मी शंभरेक वर्षांपूर्वीची विमानांची पेटंटं वाचली. एक विमान उघडलेल्या छत्रीसारखं. एकात खिडकीच्या झडपांसारखे अरुंद पंख एकावर एक रचलेले. एकात माणूस सायकलचे पायडल मारतोय आणि डोक्यावर पंख फडफडताहेत. सुरुवातीला हसू आलं, वाचता वाचता ते ओसरलं. प्रत्येक खिळ्याला आकडा दिलेला. उतरताना गुडघ्यांना मार बसू नये म्हणून एकानं गादी सुचवली होती, तिच्यात काय भरायचं तेही लिहिलं होतं. यंत्र अजून जमिनीवरून हललेलं नाही, आणि त्यात बसणाऱ्याच्या गुडघ्यांची काळजी! त्या माणसांविषयी मला तेव्हापासून आदर वाटतो.

पण मला हवं ते सापडलं नाही. 'काही आढळलं नाही' असा अहवाल लिहून ठेवला, तो सोमवारी द्यायचा होता. रविवारी घरी गेलो. ही जुनी चित्रं सगळ्यांना खुली असतात, म्हणून आक्काला गंमत दाखवायला काही छापून नेली.

छत्रीचं विमान बघून ती म्हणाली, "ह्यात बसलेला पावसात तरी भिजला नसंल." झडपांचं बघून म्हणाली, "लई दांडगं काम केलंय रं. आणि तू दात काढतोस व्हय?"

मग खोक्यासारख्या एका बेढब विमानाचं चित्र तिनं उजेडात धरलं. "ह्यो मात्र कापडातला जाणकार दिसतोय. उरेब लावलंय न्हवं."

उरेब म्हणजे तिरपं बेतलेलं कापड. मी म्हटलं, "त्या तिरप्या रेघा म्हणजे सावली गं. पेटंटच्या चित्रात तशी काढतात."

"सावली एका अंगाला पडती. ही सगळीकडं सारखी हाय. आणि ह्यो जोड बघ, त्यो पण तिरपा. सावलीला शिवण असती व्हय रं, इंजिनेर?"

मी चित्र जवळ घेऊन पुन्हा बघितलं. कात्री उचलत ती म्हणाली, "उरेबला कापड लई जातंय. कारण असल्याबिगर कोण कापत न्हाय."

ते कारण मी सोमवारी सकाळी शोधलं. यंत्राचं रूप बघून मी त्याचा पुसट मजकूर वरवर चाळला होता. आता ओळ न ओळ वाचली. शेवटाकडं लिहिलं होतं : कापडाचे धागे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जावेत, म्हणजे तेच ताणाचं काम करतील आणि तारा लागणार नाहीत.

मी अहवाल बदलला. मीटिंगमध्ये मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे तुला दिसलं कसं?"

"चित्र बारकाईनं बघितलं, मॅडम," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. नोकरी कायम झाली.

त्याच आठवड्यात मी हे पत्र टाकलं.

"आक्का,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं बरं आहे. नोकरी कायम झाल्याचं फोनवर सांगितलं, पण एक गोष्ट सांगायला जीभ वळली नाही. त्या रेघा कुणी ओळखल्या हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही. तुझ्या कामाचं श्रेय मी घेतलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आज मॅडमच्या खोलीत जाऊन खरं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी विचारलं, 'बहीण काय करते?' मी म्हणालो, 'ब्लाउज शिवते.' हे सांगताना मला लाज वाटली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितोय. कॉलेजात असताना वाटायची.

सोबत अहवालाचं पान पाठवलेलं नाही, ते बाहेर देता येत नाही. त्या विमानाचं चित्र मात्र मोठं छापून पाठवतोय. ते तुझं आहे.

तुझा भाऊ"