कपड्यांच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

अबू हमूर भागातल्या त्या व्हिलात रेकॉर्डिंगला बसायचं तर आधी एसी बंद करावा लागे, कारण त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये येई. दोह्यात मे महिन्यात एसी बंद करणं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यांना सांगायला नको. जिन्याखाली कपडे ठेवायची एक लहान खोली होती. दोन्ही बाजूंना कोट, झगे, चादरी टांगलेल्या, मध्ये टेबल, टेबलावर मायक्रोफोन, आणि समोरासमोर आम्ही दोघी. कपडे आवाज शोषून घेतात म्हणून ही खोली निवडलेली. पान-दोन पानं झाली की आम्ही घामाघूम होऊन हॉलमध्ये पळायचो, तिथल्या एसीखाली उभ्या राहायचो, आणि अंग निवलं की तोही बंद करून पुन्हा आत.

समोर बसणाऱ्या बाई ब्रिटिश लेखिका होत्या, ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या देशात रेडिओमुळे त्यांचा आवाज घराघरांत ओळखीचा होता. मी त्यांना तोंडाने मॅडम म्हणायचे आणि मनात बाई, कारण शाळेत मला शिकवणाऱ्या सगळ्या बाईच होत्या. मॅडम त्यांना आवडायचं नाही. नावाने हाक मार, असं त्यांनी कितीदा तरी सांगितलं. ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका लहान गावची. अब्बा चौथी शिकलेले, अम्मी तेही नाही. मराठी शाळेतून तालुक्याच्या कॉलेजात गेले आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. लग्नानंतर इथे दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागात आले. नवरा मालवाहतुकीच्या कंपनीत क्लार्क. मुलीच्या शाळेतल्या लायब्ररीत मला काम मिळालं. तिथल्या एका इंग्रज शिक्षिकेने एकदा सांगितलं की तिची आई तिच्याकडे अबू हमूरला राहायला आली आहे, पुस्तक लिहिते आहे, पण हात थरथरतात. दुपारी येऊन टाइप करून देशील का? मी लगेच हो म्हटलं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "एक सासू गावाला ठेवून आलीस, तर अल्लाने इथे गोरी सासू दिली." तेव्हापासून आमच्या घरात बाई म्हणजे गोरी सासू.

पुस्तक त्यांच्याच आयुष्याचं होतं, त्यामुळे टाइप करता करता मला ते कळत गेलं. त्या गिरण्यांच्या गावातल्या. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. त्यांच्या घरातही कॉलेजात गेलेल्या त्या पहिल्याच. हे टाइप करताना मी क्षणभर थांबले होते, ते मला आठवतं. पुढे त्या रेडिओ केंद्रात टायपिस्ट म्हणून लागल्या. एका संध्याकाळी धुक्यामुळे निवेदक पोचू शकला नाही, तेव्हा हवामानाची बातमी त्यांना वाचायला लावली. साहेब म्हणाला, आवाज चांगला आहे, पण हे गावाकडचं बोलणं चालणार नाही. मग एका शिक्षिकेकडे जाऊन त्या शुद्ध बोलायला शिकल्या. आधी बायकांचा दुपारचा कार्यक्रम, नंतर स्वतःचा: लोकांच्या घरी जायचं, स्वयंपाकघरात बसायचं आणि त्यांना बोलतं करायचं. तो वर्षानुवर्षं चालला. दोन कादंबऱ्याही लिहिल्या. त्या विकत घेणारे सगळे आपले नातेवाईक होते, असं त्याच हसत सांगायच्या. स्वयंपाकघरांवरचं पुस्तक मात्र खूप खपलं.

नवं पुस्तक छापायला गेलं, आणि प्रकाशकांनी ते आवाजातही काढायचं ठरवलं. वाचायला मात्र त्यांना एक तरुण अभिनेत्री हवी होती. घशाच्या ऑपरेशननंतर बाईंचा आवाज मध्येच चिरकायचा, ऐकणाऱ्यांना त्रास होईल, असं त्यांनी फार नम्रपणे कळवलं. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या आयांचे आवाज लोकांना ऐकवले. माझ्या आईची गोष्ट भाड्याच्या आवाजात जाणार?"

शेवटी त्यांनी एक संधी मागून घेतली. आईवरचं प्रकरण स्वतः वाचून पाठवायचं, ते पसंत पडलं तर सगळं पुस्तक त्यांचं, नाही तर अभिनेत्रीचं.

बाईंची कामाची एक रीत होती. त्या कधी एकट्याने बोलायच्या नाहीत. स्टुडिओत काचेपलीकडे नेहमी एक माणूस बसवायच्या, बहुतेकदा चहा आणणारी किंवा जिने पुसणारी बाई, आणि तिच्याशीच बोलायच्या. लाखो लोकांकडे बघत बोलता येत नाही, एका चेहऱ्याकडे येतं, असं त्यांचं म्हणणं. या खोलीत तो चेहरा माझा होता.

मी ऐकायला शिकले होते आमच्या शाळेत. शाळेतल्या बाई धडा वाचून विचारायच्या, समजलं का? सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, हो बाई. नाही म्हणणाऱ्याला उभं करून परत विचारत, म्हणून नाही कुणी म्हणायचं नाही. शिवाय न समजणं हा शिकवणाऱ्याचा अपमान, असं माझ्या मनात पक्कं बसलेलं. त्यामुळे इथेही बाई वाचत होत्या आणि मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

ते रेकॉर्डिंग पाठवलं. उत्तर आलं की वाचन स्पष्ट आहे, निर्दोष आहे, पण बातम्यांसारखं वाटतं. महिनाअखेरपर्यंत हवं तर आणखी एकदा पाठवा.

दुसऱ्या खेपेला उकाडा आणखी वाढला होता. वाचता वाचता घामाने दोन पानं एकमेकांना चिकटली आणि बाईंनी ती एकदमच उलटली. त्या एक वाक्य पुढे गेल्या, थांबल्या, आणि कागद खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"आई आत्ता इस्त्री करत होती," त्या म्हणाल्या. "पुढच्याच वाक्यात आम्ही तिला पुरलं. आणि तू मान हलवलीस."

मला त्या चादरींमागे लपावंसं वाटलं. हॉलमध्ये येऊन मी त्यांना शाळेचं, हो बाईचं सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की खोकला लागला. मग म्हणाल्या की त्यांच्या शाळेतही हेच चालायचं, फक्त तिथे छडी असायची. "पण मला तुझ्या शाळेतली बाई करू नकोस. काचेपलीकडच्या त्या बायका मला जांभया देऊन दाखवायच्या. तेवढं तरी कर."

सकाळी नवऱ्याने थर्मासमध्ये करक भरून दिला होता. तो कडक दुधाचा चहा बाईंना फार आवडायचा. कप संपेपर्यंत मी धीर गोळा केला आणि विचारलं, "तुमची आई तुमच्यासारखंच बोलायची?"

पुस्तकात एक जागा होती. मुलीचा आवाज पहिल्यांदा रेडिओवर ऐकून आई म्हणते, "आवाज सुरेख आहे, परंतु ही मुलगी आता आपली वाटत नाही." ते वाक्य मला टाइप करतानाही खटकलं होतं. मी म्हटलं, माझ्या अम्मीचं बोलणं मी क्रमिक पुस्तकातल्या मराठीत लिहिलं तर अम्मी ओळखणारसुद्धा नाही. ती कोकणी बोलते आणि फोनवर मीही तेच बोलते.

"नाही," बाई रिकामा कप खाली ठेवत म्हणाल्या. "आई असं नाही बोलायची. ती गेल्यापासून ते बोलणं माझ्या तोंडून निघालेलं नाही."

आम्ही परत आत गेलो. बाहेर अजान सुरू झाली, ती मायक्रोफोनमध्ये येऊ नये म्हणून संपेपर्यंत तशाच बसून राहिलो. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. आईच्या वाक्यापाशी आल्यावर कागद बाजूला केला आणि ते वाक्य आपल्या गिरण्यांच्या गावच्या बोलण्यात म्हणाल्या. ते मला मराठीत आणता येणार नाही. आणायचंच झालं तर अम्मीच्या बोलीत आणावं लागेल. त्यांचा आवाज मध्येच चिरकला, आणि चिरकलेला आवाज त्या वाक्याला अगदी बसला. मला अर्धंही कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी शिकवणाऱ्या माणसासमोर नाही अशी मान हलवली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, किंचित हसल्या, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या, तशाच बोलीत, फक्त सावकाश, एखाद्या पाहुणीला सांगावं तसं. या वेळी मला इस्त्रीपाशी उभी असलेली त्यांची आई दिसली. मान हलवायची मी विसरून गेले.

प्रकाशकांचं उत्तर थोडक्यात होतं. सगळं पुस्तक तुम्हीच वाचा. नवरा म्हणाला, "यल्ला, चला, आता गोरी सासू तुला शिजवून काढणार," आणि पूर्ण जून महिना त्या खोलीत तसंच झालं. काम संपल्यावर बाई आपल्या देशात परत गेल्या. दर ईदला त्यांचा फोन येतो. दर वेळी त्या विचारतात, जांभया द्यायला शिकलीस का?

मागच्या शुक्रवारी गाडीत आम्ही ते पुस्तक ऐकत होतो. मागच्या सीटवर मुलगी होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. आईचं प्रकरण आलं. ते वाक्य आलं, मग ती लहानशी शांतता, आणि मग तेच वाक्य पुन्हा, सावकाश. प्रकाशकांनी दोन्ही वाक्यं ठेवली होती. मुलीने इंग्रजीत विचारलं की ती तेच दोनदा का बोलली?

"पहिल्यांदा मला कळलं नव्हतं म्हणून," मी म्हटलं.

मुलीला ती थट्टा वाटली. मी आवाज थोडा वाढवला.