बूट झाडा!

आफ्रिकेत शांतिसेनेत असताना आमच्या प्लाटूनचा एक नियम होता. गस्तीवरून परतताना, ट्रकमध्ये चढण्याआधी प्रत्येकाने बूट काढून उलटे झाडायचे. खिसेही. मी सुभेदार, म्हणून माझे बूट सगळ्यात आधी.

नियम काढला हवालदार भोईरने. खडवलीचा गडी, आवाज असा की कसाऱ्यापर्यंत ऐकू जावा. देशाचं नाव लिहीत नाही. आमची पोस्ट नदीकाठी होती आणि त्या नदीच्या वाळूत हिरे सापडायचे. कच्चा हिरा दिसायला अगदीच फालतू, तुरटीच्या खड्यासारखा. गावकरी दिवसभर पाण्यात उभे राहून वाळू चाळायचे. जंगलातली टोळी यायची, बंदूक दाखवून सगळे खडे न्यायची आणि ते विकून आणखी बंदुका घ्यायची.

"साहेब, उद्या कुनी बोलायला नको, का इंडियावालेपन खडे घेऊन जातान," भोईर म्हणाला.

तेव्हापासून रोज त्याची आरोळी, "बूट झारा रं!" पोरं वैतागायची. "उस्ताद, माझ्या मोज्यात काय खाण निघणार आहे?" असं कोणीतरी म्हणायचंच. पण झाडायचे सगळे.

एके सकाळी चहा चालू असताना नदीकडून फायर आला. टोळीला त्या दिवशी खडे नको होते, खणायला माणसं हवी होती. अख्खा गाव आमच्या गेटकडे धावत सुटला. मी रेडिओ उचलला.

"पोस्ट पर फायर. गाववालों को अंदर ले रहे हैं. ओव्हर."

"होल्ड करो. मदद रास्ते में है. ओव्हर."

गेटवर भोईरचं सेक्शन होतं. लोक आत आले तसा मी ओरडलो, "भोईर, गेट बंद कर!"

"थांबा साहेब, म्हातारी ऱ्हायली!"

तो बाहेर धावला. म्हातारीला उचलून आणलं, आत ढकललं आणि गेटातच पडला. दोन गोळ्या पाठीत. मदत येईपर्यंत आम्ही पोस्ट धरून ठेवली. त्या गावातलं एकही माणूस टोळीला नेता आलं नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी छाती पुढे काढूनच सांगणार.

भोईर गेला होता. फायर थांबल्यावर ती म्हातारी त्याच्यापाशी येऊन बसली. लुगड्यासारखं काहीतरी नेसली होती, त्या कापडाच्या गाठीतून तिने एक खडा काढला आणि भोईरच्या मुठीत ठेवला. मी तो तिला परत दिला. ती रागावली. मी हात जोडले.

शवपेटीत ठेवण्याआधी पोरांनी भोईरचे बूट काढले. कोणी सांगितलं नव्हतं. उलटे करून वाळू तिथेच नदीकाठी झाडली, पुन्हा घातले आणि नाड्या बांधल्या. मी तोंड फिरवून रडलो.

यंदा माझ्या मुलीचा, मुग्धाचा साखरपुडा ठरला. डोंबिवलीत सराफाकडे तिला हिऱ्याची अंगठी आवडली. मी विचारलं, "हा कुठला?"

"सर, सर्टिफिकेट आहे ना!"

"ते शुद्धतेचं. खणला कुठे? कोणी?"

सेल्समन सरळ माणूस होता. "ते आम्हालाही माहीत नसतं, सर."

"बाबा, काय हो! सगळं दुकान बघतंय," मुग्धा कुजबुजली. ती पार हिरमुसली. मग तिथेच स्टुलावर बसून मी तिला भोईर काकांच्या बुटांचं सांगितलं. आजवर घरी कधी बोललोच नव्हतो. तिने डोळे पुसले, अंगठी स्वतःच्या हाताने ट्रेमध्ये परत ठेवली आणि सेल्समनला म्हणाली, "दादा, लॅबमध्ये बनवलेला दाखवा. कुठे बनला ते मात्र सांगा हं."

साखरपुड्याला खडवलीहून भोईर वहिनी आल्या. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. अंगठी घालायच्या आधी त्यांनी ती मुग्धाकडून मागून घेतली, उजेडात धरली.

"यो हिरा कुठचा गो?"

"सुरतचा, काकू. कारखान्यातला. विचारून घेतलाय."

वहिनींनी अंगठी माझ्या होणाऱ्या जावयाच्या हातात दिली.

"मंग घाल. आमच्या यांनीपन आदी हेच इचारला असता."