वाढत्या अंगाचा अभ्यासक्रम

टाचणीचं खरं नाव घरच्यांना तेवढं ठाऊक होतं आणि तेही ते फारसं वापरत नसत. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून टाचणी. ओठ मिटलेले, दात मिटलेले, तरी त्यातून "हात वर करा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका, घरी गेल्यावर ते बाहेर येणारच आहे" हे सगळं स्वच्छ ऐकू यायचं. इमारतीच्या तळमजल्यावर तिचं शिलाईचं दुकान आणि तिसऱ्या मजल्यावर घर. खाली मशीन, कापायचं लांबलचक टेबल, आरसा आणि कपडे घालून बघायला पडद्याआडचा कोपरा. वर नवरा, सासूबाई आणि दोन मुली. थोरली सहा वर्षांची, धाकटी तीनची.

थोरली शाळेत जायच्या आधी कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगाऱ्यात बसायची. वर आईची कात्री चालायची, तोंडाने गोष्ट चालायची आणि खालून एकच शब्द यायचा, "मग?" कात्री थांबली तर चालायची, गोष्ट थांबलेली चालायची नाही. पण पहिलीत गेली आणि वर्षभरात काय बिनसलं कोण जाणे. शाळेत घड्याळ लावून वाचन घ्यायचे. ही अडखळायची, मागचा बाक हसायचा. हळूहळू असं झालं की घरातही कुणी पुस्तक उघडलं की थोरली दोन्ही हातांनी कान गच्च झाकायची. गोष्टीचंच नव्हे, औषधाच्या बाटलीबरोबर येणारा घडीचा कागद बाबांनी उलगडला तरी.

मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. त्यांची बोलायची एक तऱ्हा होती, आधी गोड द्यायचं आणि मग काढून घ्यायचं. तसं काळजीचं काही नाही, पण तसं बघायला गेलं तर आहे. मुलगी हुशार आहे, म्हणजे असावी. पुन्हा एक वर्ष त्याच वर्गात बसवू या, तिच्याच भल्यासाठी.

टाचणी घरी आली ती ठरवूनच. मुलीला घरीच शिकवणार आणि गोष्टींच्या पुस्तकांतूनच शिकवणार. असे अभ्यासक्रम मिळतात हे तिने एका गिऱ्हाइकाकडून ऐकलं होतं. धड्यांऐवजी खरीखुरी पुस्तकं, आईने मोठ्याने वाचायची, मुलांनी ऐकायची. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता आणि बोलण्यात फार मजले घेत नसे. "विचार केलास?" त्याने विचारलं. "केला." "मग झालं."

सासूबाईंचं एवढ्यावर भागणार नव्हतं. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात इतरांचे फोन जोडून देण्यात गेली होती, त्यामुळे कुणाचंही बोलणं मध्येच तोडायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना मनापासून वाटे. एक मिनिट, एक मिनिट, शाळा नाही म्हणजे काय, मुलगी दिवसभर करणार काय, आणि उद्या कुणी विचारलं कितवीत आहे तर सांगायचं काय? बरीच खडाजंगी झाली. शेवटी असं ठरलं की शाळेला उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत जागा राखून ठेवायला सांगायचं. तोवर थोरलीच्या कानांवरचे हात खाली आले तर घरी. नाही आले तर तोच वर्ग, तोच बाक, तेच घड्याळ.

टाचणी हात धुवून मागे लागली. दुकान मिटलं की फोनवर या अभ्यासक्रमांच्या जाहिराती बघायची. एका अभ्यासक्रमाची बाई पांढऱ्या सोफ्यावर बसून इतक्या हळू बोलायची की फोन बिघडलाय असं वाटावं. "आपण मुलांना... शिकवत नाही... आपण त्यांच्यासोबत... उमलतो." तिच्या मागे पाच मुलं एकाच रंगाच्या स्वेटरमध्ये शांतपणे चित्रं काढत होती. टाचणीने स्वेटरांची शिलाई नीट निरखली, मुलांच्या हातांवर रंगाचा एक ठिपका नाही हेही बघितलं आणि पुढे सरकली. दुसऱ्यात पुस्तकं बरी होती, पण प्रत्येक पानाखाली प्रश्न. कोल्हा का रडला, कोल्ह्याने काय करायला हवं होतं, तुम्ही कोल्हा असता तर? कोल्ह्याला धड रडूही देत नाहीत, ती पुटपुटली.

तिसरा तिच्या मनात भरला. त्यात पुस्तकांची खोकी आणि आईबापांसाठी एक पातळशी पुस्तिका. रोज थोडं वाचा. मग मूल आपल्या शब्दांत जे सांगेल ते ऐका. सांगितलं नाही तर गप्प बसा. एवढंच. तिने लगेच फोन लावला.

आणि इथे तिने ती चूक केली, जी शिलाईवालीच करू शकते.

पलीकडचा विक्रेता घाईत होता आणि प्रत्येक वाक्य "मॅडम"ने सुरू करून "मॅडम"ने संपवायचा. मॅडम, सहा वर्षांच्या मुलीला दुसरं खोकं, मॅडम. टाचणी म्हणाली, त्याच्यापुढचं द्या. मॅडम, ते आठ-नऊ वर्षांच्या मुलांचं आहे, मॅडम. टाचणीने फोन खांद्यात धरला, हातातला फ्रॉक उसवत राहिली आणि ज्या सुरात आजवर शेकडो आयांना सांगितलं होतं त्याच सुरात त्याला सांगितलं की अहो, पोरांचं नेहमी वाढत्या अंगाचं घ्यावं. आत्ता थोडं ढगळ होईल, मग बसेल बरोबर.

खोकं आलं. पहिलं पुस्तक जाडजूड होतं. एक जहाज बर्फात अडकतं, खाणं संपत जातं, कप्तान एकेक लाकडी फळी जाळायला काढतो. टाचणीला स्वतःला ते इतकं आवडलं की पहिल्या दिवशी वाचताना शेगडीवरचं दूध उतू गेलं. थोरली भिंतीकडे तोंड करून बसली होती, हात कानांवर. धाकटी झोपली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी थोरलीने एक हात कानापासून बोटभर दूर केला आणि विचारलं, "सगळे मरतात का?" टाचणीने खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं, म्हणून म्हणाली, सगळे नाही. हात परत कानावर.

दुसरी कुणी असती तर पुस्तक बदललं असतं. टाचणी कपडा ढगळ झाला म्हणून फेकणाऱ्यांतली नव्हती. ढगळ असेल तर दुमडायचं. तिने सुईदोरा घेतला आणि जड जड पानं एकमेकांना कच्च्या टाक्यांनी शिवून टाकली. वादळाची दोन पानं, आजारी खलाशाची चार, बर्फाच्या जातींचं अख्खं प्रकरण. मूल मोठं झालं की दोरा ओढायचा, पानं मोकळी. बाहीची दुमड असते तसंच, असं तिने नवऱ्याला समजावलं. त्याने पुस्तक उलटसुलट करून बघितलं आणि काम तर सफाईदार झालंय, एवढंच म्हणाला.

नेमकी त्याच दिवशी नणंद आली. तिची दोन्ही मुलं नावाजलेल्या शाळेत, त्यामुळे ती आत यायच्या आधी तिचे उसासे यायचे. तिने पुस्तक हातात घेतलं, टाके बघितले, आपल्या आईकडे बघितलं. "वहिनी, आता पुस्तकालाही टीप मारलीत? अस्तर लावायचं राहिलं वाटतं." सासूबाईंना हसू आवरेना. टाचणीही हसली, कारण बोलणं झकास होतं, पण आत कुठेतरी टोचलं.

शिवलेल्या पानांनी भलतंच झालं. थोरलीला आता गोष्टीपेक्षा टाक्यांची धास्ती बसली. आत काय आहे म्हणून आईने बंद केलं असेल? जे वाचलं त्याहून वाईट असणार. ती पुस्तकाजवळही फिरकेना. सुट्टी निम्मी सरली होती. टाचणी चिडली, स्वतःवर, जहाजावर, कप्तानावर. आवाज चढवून तिने थोरलीला विचारलं की अगं, एवढं छान पुस्तक आहे, तुला नक्की नको काय आहे त्यात?

 थोरलीने कानांवरचे हात न काढताच उत्तर दिलं, म्हणजे ऐकू येत होतं तर.

"आई, हे मोठ्या झालेल्या माझं पुस्तक आहे. ती आली की तिला वाचून दाखव."

टाचणी खाली बसली.  वाढत्या अंगाच्या कोटात बुडालेली, बाह्यांतून बोटांची टोकंसुद्धा न दिसणारी कितीतरी पोरं तिने त्या आरशासमोर उभी केली होती. त्यांच्या आया म्हणायच्या, होईल बरोबर. पोरं काही म्हणायची नाहीत, कारण त्यांना कुणी विचारायचंच नाही.

सकाळी तिने विक्रेत्याला फोन करून शिवलेल्या पानांसकट सगळं सांगितलं. मॅडम, बदलून देऊ, पण पानांना भोकं आहेत, मॅडम. म्हणजे खोकं परत जाणार नव्हतं. ते कपाटावर गेलं. पुस्तिकेत सगळ्या खोक्यांतल्या पुस्तकांची नावं होती. ती घेऊन टाचणी वाचनालयात गेली आणि सहा वर्षांच्यांचं सोडून थेट पाच वर्षांच्यांचं पुस्तक मागितलं. एक माप खाली. अंगाला घट्ट झालं तर झालं, पण बुडायला नको.

सासूबाई म्हणाल्या, एक मिनिट, मुलगी पुढे जायच्या ऐवजी मागे चाललीय की काय? नणंदेने फोनवरून उसासा पाठवला. टाचणीने दोघींना एकच उत्तर दिलं, आता बसतंय का ते आधी बघू, लोकांना कसं दिसतं ते मग. आणि दुपारी दुकानाचा पडदा ओढून, टेबलाखाली शिरून, फक्त धाकटीला वाचून दाखवायला लागली. एक बकरी एका उंच इमारतीत सातव्या मजल्यावर राहायला येते. शेजारी तक्रार करतात, कारण ती सगळ्यांची पायपुसणी खाते. थोरलीला बोलावलंच नाही. ती मशीनपाशी उभी होती, हात कानांवर.

बकरी लिफ्टमध्ये शिरली तिथे टाचणी पान उलटायला थांबली.

"बटणाला तिचं तोंड कसं पोचलं?" मशीनपासून प्रश्न आला. टाचणीने पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तोंड बंद ठेवलं, आणि तिच्यासारखीला हे किती जड गेलं असेल ते सांगायला नको. संध्याकाळी हाच प्रश्न बाबांपुढे गेला. नवरा हात पुसत गंभीरपणे विचार करत राहिला. सातव्याचं बटण वरच्या रांगेत, म्हणजे बकरीला मागच्या पायांवर उभं राहावं लागेल आणि वजन एका कोपऱ्यात पडेल, हे बरोबर नाही. मग बापलेक लिफ्टमध्ये गेले आणि बराच वेळ वरखाली करत राहिले. परत आल्यावर थोरलीने आजीला सगळी गोष्ट पायपुसण्यांपासून सांगितली. बकरीचा आवाज, शेजाऱ्यांचा आवाज, आणि चौकीदाराला तिने आईच्या फोनमधून ऐकलेल्या विक्रेत्याचा हुबेहूब आवाज दिला, "मॅडम, बकरीला परवानगी नाही, मॅडम." सासूबाईंनी एकदाही मध्ये तोडलं नाही.

तेच पुस्तक पुन्हा, आणि पुन्हा. धाकटी कंटाळली, टाचणीला बकरी स्वप्नात दिसायला लागली. थोरली तरीही "मग?" म्हणायची, पुढे काय होतं ते तोंडपाठ असताना.

सुट्टी संपली तशी टाचणी तिला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी छान स्वागत केलं आणि पुस्तक पुढे सरकवलं, शेजारी घड्याळ. नुसतं बघायचं म्हणून हं, परीक्षा नाही, म्हणजे तशी आहेच. शब्दांच्या ओळीच ओळी होत्या.  थोरलीचे हात वर गेले, कानांपर्यंत नाही, हनुवटीपर्यंत. तिने एक पान उलटलं, आणखी एक, मग मागचं कव्हर बघितलं.

"यात कोणीच राहत नाही," ती म्हणाली आणि पुस्तक परत सरकवलं.

बाई समजुतीने म्हणाल्या, बघा, अजून वाचत नाहीये, वर्ष वाया जाईल आणि मग दोष तुमच्यावर येईल. ते खोटं नव्हतं. थोरली खरंच अजून वाचत नव्हती. टाचणीला ते माहीत होतं, बाईंनाही ते माहीत होतं.

"तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही," टाचणी म्हणाली. "पण ही आत्ता जेवढी आहे तेवढ्याच मापाचं मी देणार. जागा सोडते."

दोघी बाहेर उन्हात आल्या. दुकान उघडायची वेळ झाली होती, तरी ती वाचनालयाकडे वळली. तिने पुढचं पुस्तक मागितलं, बदकाचं. ग्रंथपालाने बकरीचं जमा करायला हात पुढे केला. थोरलीने ते छातीशी धरलं आणि आईच्या आधी बोलली, हे नाही, हे अजून संपलं नाहीये.