तक्रारबाईंची एकेचाळीस कलमं

वकील मंडळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एकतीस वर्षं ज्या बाई बसल्या, त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरलंच नाही. सगळ्यांसाठी त्या तक्रारबाई. वकिलानं तारीख चुकवली, कागद गहाळ केला, समोरच्या पक्षाशी संधान बांधलं, की माणूस रडत-ओरडत त्यांच्या टेबलापाशी यायचा. बाई आधी बसायला सांगायच्या, मग फॉर्म द्यायच्या. रडत लिहिलेला फॉर्म कुणाला वाचता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मंडळाचे नियम त्यांना तोंडपाठ होतेच, पण त्यांचा खरा जीव होता तो एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत. प्रत्येक नियमापुढे तिच्यात एक ओळ असायची: कुणाचं नुकसान झालं म्हणून हा नियम आला. नववा नियम त्यांचा लाडका. वकिलाचं शहरात कार्यालय हवं, दारावर पाटी हवी आणि रोज तीन तास ते दार उघडं हवं. कारण कधीकाळी एक म्हातारा दावा हरला होता आणि जाब विचारायला गेला, तर वकिलाचा पत्ता म्हणजे टपालपेटीचा नंबर निघाला होता. पेटीला काय डोंबलाचा जाब विचारणार? म्हणून दर वर्षी बाई स्वतः शहरभर फिरून एकेक दार वाजवायच्या. "आल्या सासूबाई!" असं आतून कुजबुजलेलं त्यांना ऐकू यायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

अशाच एका फेरीत त्यांना एक नवखा वकील सापडला. त्याचं कार्यालय म्हणजे न्हाव्याच्या दुकानातलं कोपऱ्यातलं टेबल. नियमानं त्याची सनद अडकायला हवी होती. बाईंनी त्याला महिन्याची मुदत दिली, वर त्याच्यासाठी खोली शोधत उन्हातान्हात हिंडल्या. तेव्हापासून तो त्यांना ताई म्हणू लागला. पुढं त्यानं नाव काढलं, मंडळाचा अध्यक्ष झाला, तरी खाली येऊन त्यांच्या टेबलाच्या कडेवर बसायची सवय त्यानं सोडली नाही. बाईंचे यजमान चिडवायचे, "तुझा भाऊ आला की कामं बंद!" बाईंना सख्खा भाऊ नव्हता. त्यामुळं हे चिडवणं त्यांना गोडच लागायचं.

एका दुपारी तो तसाच येऊन बसला. "ताई, परदेशाशी व्यापार करार होतोय. आपला माल तिकडं जाणार, त्यांचे वकील इकडं येणार. जे नियम आपल्याला राखायचेत त्यांची यादी सरकारला द्यायची आहे. यादीत नसेल ते गेलंच समजा. हे काम तुमच्याशिवाय कोण करणार?"

"सगळे लिहू?"

"सगळे. आणि एक रकाना वाढवा. हा नियम बाहेरच्या वकिलाला नेमका कुठं अडवतो?"

"तो कशाला?"

"सरकारी माणसं आहेत, ताई. त्यांना सगळं फोडून सांगावं लागतं."

बाईंनी तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून काम केलं. एकेचाळीस कलमं. नवव्यापुढे त्यांनी लिहिलं, 'या नियमामुळे परदेशी कंपनीला नुसत्या पडद्यावरून इथला व्यवसाय करता येत नाही. तिला इथे खोली घ्यावीच लागते आणि दार उघडावेच लागते.' हे वाक्य जमलं म्हणून त्यांनी ते घरी यजमानांना दोनदा वाचून दाखवलं. बिचाऱ्यांनी दोन्ही वेळा वाहवा केली.

करारावर सह्या झाल्या. छापील प्रत खाली आली तेव्हा बाईंनी परिशिष्ट उघडलं. एकेचाळीस कलमं जशीच्या तशी होती. रकाना होता, वाक्यं त्यांची, स्वल्पविरामसुद्धा त्यांचे. फक्त वर मथळा होता: 'सेवांच्या व्यापारातील अडथळे. करार अमलात येताच रद्द.' बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. छपाईतली चूक असेल, अशी त्यांनी आधी मनाची समजूत घातली. मग प्रत हातात घेऊन तशाच जिना चढल्या.

अध्यक्षांनी मथळ्याकडे पाहिलंही नाही. "त्यांना काहीतरी द्यावं लागणारच होतं, ताई. आपल्या मालावरचा कर कमी झालाय. कारखाने चालतील, पोरांना कामं मिळतील. त्यापुढं चार नियमांचं काय एवढं?"

"एकेचाळीस," बाई म्हणाल्या. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "सांगितलं असतं, तर तुम्ही इतकं नेमकं लिहिलं असतं का?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. बाईंना राग आला, पण रागाहून मोठी शरम वाटली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आणि तो दांडा आपणच, आपल्याच हातांनी गुळगुळीत करून दिलेला! वर्षाच्या सभेत त्यानं व्यासपीठावरून त्यांचे आभार मानले. ताईंच्या यादीशिवाय हे शक्य नव्हतं, म्हणाला. टाळ्या पडल्या. शब्द शब्द खरा होता, म्हणून तर बाईंना उठून खोटं म्हणता येईना.

सातेक महिन्यांनी एक विधवा बाई आली. दिरानं घरावर दावा लावला होता. तिच्या वकिलानं अपील एक दिवस उशिरा दाखल केलं आणि घर गेलं. परदेशी कंपनीचा हा वकील तिनं पाहिला होता तो फक्त फोनच्या पडद्यावर, आता फोनही उचलत नव्हता.

"कार्यालय कुठं आहे त्यांचं?" बाईंनी विचारलं.

"तेच तर तुम्हाला विचारायला आले."

बाईंनी तिला नवी पद्धत सांगितली. जिथली सनद, तिथंच तक्रार. तिकडच्या भाषेत, तिकडच्या मुदतीत. मुदत तर केव्हाच उलटून गेली होती. ती म्हणाली, "माझ्या जावेनं सांगितलं होतं, इथं एक बाई आहेत, त्या वकिलांची दारं वाजवत हिंडतात. वकील त्यांना टरकतात म्हणे. नियम गेले तेव्हा त्यांनी काहीच केलं नाही का?"

बाईंना वरच्या मजल्याकडं बोट दाखवता आलं असतं. त्यांचा हात उचललाही गेला.

"केलं," त्या म्हणाल्या. "कोणकोणते नियम काढायचे, ते त्यांनीच लिहून दिलं."

तिनं आपले कागद पिशवीत भरले, आणि येते असंही न म्हणता निघून गेली.