फाइलचा इतिहास उघडला

आज मी एक जुनं उट्टं काढलं, आणि मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

नव्वदच्या सुमारास दोंडाईच्याला शाळेत असताना आम्ही चौघांनी मिळून हस्तलिखित काढलं. आमच्यातल्याच सुरेशने मुखपृष्ठावर एकट्याचंच नाव घातलं. मी तक्रार केली, तर गुरुजी म्हणाले, "पुरावा काय?"

तोच सुरेश आज जळगावात मी शिकवते त्या शाळेचा मुख्याध्यापक आहे. माझ्या नववीच्या पोरांनी ऑनलाइन फाइलवर मिळून केळीच्या बागेवर लेख लिहिला. पाहुण्यांसमोर हा म्हणतो, "बराचसा मजकूर माझाच आहे."

मी शांतपणे पडद्यावर फाइलचा इतिहास उघडला. कोणी कोणती ओळ लिहिली, ते त्यात दिसतं. सुरेशसरांनी एकच गोष्ट लिहिली होती, सगळ्यात वर स्वतःचं नाव.

नंतर त्याने विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"दोंडाईच्याला."

तुमच्याही वर्गात असा एक सुरेश असेलच. सध्या कुठे असतो तो?