शेखलालचाचा बसून वाजवायला शिकतात

कुंभारीतल्या आमच्या वसाहतीत शेजारच्या खोलीतल्या शेखलालचाचांएवढं चाललेलं माणूस नसेल. उभी हयात त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये गळ्यात ड्रम अडकवून वराती पोचवल्या. डीजे आले, बँड मोडला. मागल्या साली कमरबीचाची गेल्या. मुलगी शाइस्ता टेंभुर्णीला, सासरी. तेव्हापासून चाचा दूधवाल्याशीसुद्धा उगाच भांडण काढतात. तेवढाच बोलायला माणूस.

मग सोलापुरातल्या ऑर्केस्ट्रावाल्या इंद्रजीतनं सांगितलं, "चाचा, हात लई गोड हाय तुमचा. ड्रमसेट शिका, जागा तुमचीच." परत चार माणसांत वाजवायला मिळणार, म्हणून चाचा दाढीला मेंदी लावून शिकायला गेले.

हात बिनचूक. घोटाळा पायांचा. ड्रमसेटला उजव्या पायानं मोठा ड्रम ठोकायचा, डाव्यानं झांजा दाबून धरायच्या. चाचांचे पाय आपले डावा-उजवा, डावा-उजवा. स्टुलावर बसल्या बसल्या स्वारी निघाली मंगल कार्यालयाला.

"चाचा, चाल सोडा की आता!" इंद्रजीत ओरडला.

चाचांना वाटलं, गाण्याचीच चाल. "चाल सोडून काय वाजवू, तुझं डोस्कं?"

घरी ते पत्र्याच्या डब्यांवर सराव करायचे, डावा पाय चाचींच्या ओढणीनं खाटेला बांधून.

मी दारातून विचारलं, "कुणी कैद केलं, चाचा?"

"मीच रे. पळतोय की सारखा."

शेवटी एका रिसेप्शनला इंद्रजीतनं त्यांना बसवलं. आज जमलं तर कायम. मीही गेलो, फुकटच्या जेवणाला. पाय शहाण्यासारखे वागत होते. तेवढ्यात गाणारी वैष्णवी माईक घेऊन स्टेजवरून उतरली आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून गात निघाली. मागोमाग गिटारवाला. चाचा स्टुलावरून अर्धे उठले. वरातीत पुढचे हलले की ड्रमनं मागं राहायचं नसतं. इंद्रजीतनं डोळे वटारले. चाचा खाली बसले आणि लांब जाणाऱ्या त्या पाठींकडं बघत गाणं संपेपर्यंत वाजवत राहिले. एक ठोका चुकला नाही.

येताना ते माझ्या गाडीवर मागं होते.

"कायम झालात की, चाचा! पेढे कुटं हायत?"



"समदी पुढं गेली रे," ते म्हणाले. "आन मी बसून ऱ्हायलो. जमलं."