दसऱ्याची पूजा माझ्या हातची

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना, म्हणून लॉऱ्या कोळशाच्या गॅसवर कुथत चालायच्या. सोनईहून नगरला गूळ न्यायचा, एवढी माझी ड्रायव्हरकी. एकदा मालकाने मला ओट्यावर शेजारी बसवलं. रोज 'ए, तू' म्हणणारा माणूस म्हणाला, "आजपास्नं तुमी नोकर न्हाई, ठेकेदार. करा सही."

सातवी पास होतो, पण कागद वाचला नाही. त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी मूर्ख चढलो. महिन्याचा पगार बंद, जेवढ्या खेपा तेवढे पैसे, टायर फुटला तर तोही माझ्याच अंगावर, हे सगळं नंतर कळलं.

तरी तोरा काही उतरला नाही. दसऱ्याला लॉरीची पूजा मालकाने करायची, ही रीत. त्या वर्षी मी केली. बायकोला शेजारी बसवलं आणि अख्ख्या गल्लीत खोबरं वाटलं. लोक मला लॉरीवाले म्हणू लागले, आणि मी कोणालाही अडवलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी लॉरी सुरू करायला पुढून हँडल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला. उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. आता स्टिअरिंग धरवेना. भरपाई मागायला गेलो तर मालक म्हणाला, "ती नोकराला असती. तुमी ठेकेदार."

नगरला कामगारांच्या कचेरीत भरपाईसाठी अर्ज केला. घरात दाणा नव्हता. सगळी आशा त्या अर्जावर होती. साहेबासमोर मी म्हणालो, मी नोकरच आहे, लॉरी मालकाची, हुकूमही त्याचाच. मालकाने कागद पुढे केला आणि साक्षीला माझ्याच गल्लीतले पाचजण उभे केले. त्यांच्या हातावर मीच खोबरं ठेवलं होतं.

साहेबाने विचारलं, "दसऱ्याची पूजा कोणी केली?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. बायको दारात उभी होती, पाचजण माझ्याकडे बघत होते.

"मीच केली," मी म्हणालो. साहेबाने अर्ज फेटाळला.

परतताना रस्त्याच्या कडेला बसून मी रडलो. ह्या हाताला आता कोण काम देणार होतं? स्वतःच्या तोऱ्याची एवढी किळस मला कधी आली नव्हती. बायको शेजारी टेकली. मग माझं वाकडं मनगट मांडीवर घेऊन म्हणाली, "पूजेच्या दिशी मला बी लई बरं वाटलं हुतं."